निवेदकाच्या माइकला ‘दाबून बोला’ स्विच : टक् आवाज न येता कसा बनवायचा?

खानापूर_साउंड

जत्रेतल्या कुस्ती मैदानाचं साउंड आणि यूट्यूब लाइव्ह, दोन्ही एकाच मिक्सरवरून चालवायचं आहे. निवेदक दोघं. मराठीवाले हौद्याभोवती (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याभोवती) फिरत बोलतात. हातात साधा डायनॅमिक माइक, मागं वीस मीटर एक्सएलआर (तीन पिनांची) केबल. कन्नडवाले टेबलाशी बसतात, त्यांच्यापुढं ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर माइकच्या तारेतूनच देतो त्या विजेवर) चालणारा कंडेन्सर.

अडचण हलगीची. निवेदक गप्प असले तरी माइक उघडेच. मग हलगी, शिट्ट्या, खोकला, “अरे, पाणी आण तेवढं” हे सगळं भोंग्यातून गावभर आणि लाइव्हवर जगभर. फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती कळ) खालीवर करायला एक माणूस कायम बसवणं परवडत नाही. माइकच्या दांड्यावरचं सरकतं बटण वापरा म्हटलं तर दर वेळी भोंग्यातून टक् असा दणका येतो, आणि बोलून झाल्यावर ते बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

म्हणून असा स्विच हवा की दाबून धरला तर माइक चालू, सोडला की बंद. दाबताना बटणाचाही आवाज नको आणि स्पीकरमधूनही नको. हौद्याच्या हळद-ताक-तेल घातलेल्या तांबड्या मातीत टिकला पाहिजे. फिरणाऱ्यांना अंगठ्यानं, बसणाऱ्यांना पायानं चालवता यावा. दारावरच्या बेलचं बटण केबलमध्ये घातलं तर थोडे दिवस चालतं आणि मग खरखरायला लागतं. ते कशामुळं, तेही सांगा की.

---

तारजोड_निपाणी

आधी जोडणीचं बोलू, बटण नंतर.

माइकची तार मध्येच तोडून तिथं बटण घालायचं, ही कल्पना सोडून द्या. तार तुटली की मिक्सरचं इनपुट उघडं पडतं. उघडं इनपुट स्वतःच फुसफुसतं आणि आजूबाजूच्या वायरिंगची गुणगुण उचलतं. फँटम चालू असेल तर प्रत्येक तोडजोडीला ४८ व्होल्टचा झटका इनपुटवर येतो. भोंग्याचा डायफ्राम त्यानं जायचा.

त्याऐवजी तारा आहेत तशा सरळ जाऊ द्या. पिन १ ला १, २ ला २, ३ ला ३. बटण फक्त पिन २ आणि पिन ३ यांच्या मध्ये आडवं जोडा. माइकचा आवाज या दोन पिनांमधल्या फरकात असतो. दोन्ही एकमेकींना टेकल्या की फरक शून्य, आवाज बंद. मिक्सरला समोर उघडी तार दिसत नाही, शॉर्ट झालेली दिसते, म्हणून इनपुट उलट जास्तच शांत राहतं. डायनॅमिक माइक शॉर्ट केल्यानं त्याला काही इजा होत नाही.

फँटमचंही यात बिघडत नाही. ४८ व्होल्ट दोन सारख्या रेझिस्टरांमधून पिन २ आणि ३ वर सारखेच येतात (६.८१ किलोओमचे, आपसात ०.४ टक्क्यांच्या आत जुळलेले). दोन्ही पिना एकाच व्होल्टेजवर, मग त्या जोडल्या तर वाहणार काय? डायनॅमिक माइक लावून चुकून फँटम चालू राहिलं तरी टक् येत नाही. पिन १ ला (ती जमीन, म्हणजे अर्थ) मात्र यातलं काहीही टेकवायचं नाही. २ किंवा ३ पैकी एक जरी जमिनीला लागली तरी फँटम एका बाजूनं कोसळतं आणि बंदुकीसारखा आवाज येतो.

आता दाबल्यावर चालू व्हायला हवा असेल तर बटण नॉर्मली क्लोज्ड लागेल. सोडलेलं असताना टेकलेलं म्हणजे मूक, दाबलं की सुटलं म्हणजे बोलतं. बाजारातली बहुतेक बटणं याच्या उलटी असतात. ती लावली तर दाबल्यावर बंद होणारं ‘खोकला बटण’ तयार होतं. टेबलावरच्या माणसाला तेही चालेल, पण तुमचे निवेदक बंद करायचं विसरतात, म्हणजे तुम्हाला क्लोज्डच हवं.

किती बंद होतं त्याचा हिशेब सोपा आहे. माइकचा अंतर्गत रोध साधारण २०० ओम धरा. टेकलेल्या बटणाचा रोध ०.१५ ओम असेल तर आवाज सुमारे ६२ डेसिबल खाली जातो, म्हणजे ऐकू येत नाही. रोध १० ओमवर गेला तर फक्त २६ डेसिबल, मग हलगी मागून पुसट ऐकू येतच राहते. म्हणून बटण माइकच्या केबलमधल्याच डबीत ठेवा. तिथून लांब वायर काढून दुसरीकडं बटण नेलं तर त्या वायरचाही रोध यात मिळतो.

सामान एका डबीचं: पॅनेलवर बसणारं एक मादी आणि एक नर एक्सएलआर सॉकेट, ॲल्युमिनियमची डबी साधारण १२० × ६५ × ४० मिलिमीटरची, आणि बटण. माइककडून येणारी केबल मादी सॉकेटात, मिक्सरकडं जाणारी नर सॉकेटातून. पिन १ डबीच्या धातूला एकाच ठिकाणी जोडा. ते राहिलं तर डबीला हात लागला की गुणगुण वाढते.

बटण कुठलं, ते आमच्या चिकोडीच्या अण्णांनी सांगावं. त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

---

चिकोडीचा_भोंगा

बेलचं बटण का खरखरतं ते आधी. त्याची टोकं २३० व्होल्टसाठी केलेली असतात. पितळ किंवा चांदीवर हवेनं आणि घामानं काजळी धरते, पण दर वेळी पडणारी ठिणगी ती जाळून टाकते. माइकमध्ये असतात जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. ठिणगी नाही, म्हणून काजळी जळत नाही. ती साठत जाते आणि रोध कधी अर्धा ओम तर कधी पन्नास ओम. कानाला लागते ती तीच खरखर. वर तुमची हळद-तेलाची माती. स्प्रे मारून चार दिवस बरं वाटेल, एवढंच.

माइकच्या सिग्नलला सोन्याचा मुलामा असलेली टोकं हवीत, नाहीतर हवाबंद टोकं. हवाबंद म्हणजे रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात. लोहचुंबक जवळ आलं की टेकतात, लांब गेलं की सुटतात. धूळ आत जायला वाटच नाही. किंमतही किरकोळ.

मायक्रोस्विच घेऊ नका, कितीही भारी असला तरी. त्याचं कामच मुळी कट् करून उलटण्याचं आहे. ती पाती उलटण्याची धडक डबीतून केबलला, केबलमधून माइकला पोचते आणि माइक ती इमानदारीनं भोंग्यावर पाठवतो.

रीड साधा नॉर्मली ओपन घेतला तरी चालतो, कारण चुंबक आपण नेहमी जवळच ठेवणार. न दाबलेल्या स्थितीत चुंबक शेजारी, पात्या टेकलेल्या, माइक मुका. दाबलं की चुंबक लांब जातं, पात्या सुटतात, माइक बोलका.

आणि यात सगळ्यात मोठी सोय अशी की चुंबकाचं बळ ॲल्युमिनियममधून आरपार जातं. रीड डबीच्या आत झाकणाखाली चिकटवायचा, चुंबक बाहेर तरफेवर. बटणासाठी डबीला भोकच पाडायचं नाही. संध्याकाळी डबी ओल्या फडक्यानं पुसली की झालं. मात्र लोखंडी डबी घेऊ नका, लोखंड चुंबकाचं बळ पिऊन टाकतं. प्लॅस्टिकची घेतली तर चुंबकाचं काम होतं, पण आवरण नसल्यानं गुणगुण घुसते.

तरफ अशी करा. १०० मिलिमीटर लांब, २० रुंद ॲक्रिलिकची किंवा सागवानी पट्टी. टेकू पट्टीच्या अंगठ्याकडच्या टोकापासून ४० मिलिमीटरवर, म्हणजे मागं ६० उरतात. अंगठ्यानं ६ मिलिमीटर दाबलं की मागचं टोक ९ मिलिमीटर उचलतं. चुंबक मागच्या टोकाला, खालच्या बाजूनं. बिजागरी लोखंडी नको, ती कुरकुरते. सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन्हीकडं चिकटवली की मुकी बिजागरी तयार. परत येण्यासाठी स्प्रिंगही नको. अंगठ्याखाली १० मिलिमीटर जाडीचा मऊ फोमचा तुकडा ठेवा.

चुंबक बसवताना बहुतेकांचं इथंच फसतं. नाण्यासारखं चपटं निओडिमियम चुंबक रीडच्या बरोबर मधोमध, तोंड खाली करून धरलं तर रीड टेकतच नाही. दोन्ही पात्यांना सारखाच ध्रुव मिळतो, मग त्या एकमेकींना ओढतील कशा? चुंबक रीडच्या एका टोकाच्या वर धरा, किंवा कडेवर उभं करून त्याची ध्रुव-दिशा रीडच्या लांबीला समांतर करा.

अंतर पुस्तकातून काढू नका, मल्टिमीटरनं काढा. मीटर बीपवर (टोकं टेकली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून चुंबक हळूहळू जवळ आणा आणि बीप सुरू होतो ते अंतर लिहा. मग लांब न्या आणि बीप थांबतो ते लिहा. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा नेहमी जास्त असतं. मूक स्थितीत चुंबक पहिल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर बसवा, आणि दाबल्यावर ते दुसऱ्या अंतराच्या किमान सव्वापट लांब गेलं पाहिजे. तरफेची हालचाल तेवढी पुरत नसेल तर चुंबक लहान घ्या. जोरदार चुंबक घेतलं की काम चांगलं होईल ही समजूत इथं उलटी पडते. जोरदार चुंबकाला सोडवायला लांब न्यावं लागतं.

रीडच्या तारा वाकवताना काचेपासून ३ मिलिमीटरवर पक्कडीनं धरा आणि पक्कडीच्या पलीकडं वाकवा. काचेला ताण गेला तर डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर जाते आणि आठवडाभरात रीड चिकटतो किंवा मरतो. बसवताना सिलिकॉन सीलंटच्या गादीवर बसवा. पात्या टेकताना अगदी बारीक टिक् होते, ती गादीत मुरते. झाकणावर थेट सुपरग्लूनं चिकटवला तर झाकण त्या टिक्चा ढोल करतं.

चुंबकाखाली किंवा शेजारी लोखंडी स्क्रू नको. चुंबक त्याला चिकटून आपटतं, आणि इतका खटाटोप करून पुन्हा टक्.

डायनॅमिक माइकमध्ये तारेची गुंडाळी असते, त्यामुळं हलतं चुंबक तिच्याजवळ आलं तर धप् असा आवाज उमटू शकतो. डबी कमरेच्या पट्ट्याला असल्यावर हा प्रश्नच येत नाही. काहीजण तरफ माइकच्या दांड्यावरच बांधतात. तसं नका करू. अंगठ्याची हालचालही दांड्यातून ऐकू जाते.

---

टिळकवाडी_लाइव्ह

एवढं सोल्डरिंग कशाला? ओबीएसमध्ये (लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सेटिंगच्या ऑडिओ भागात पुश-टू-टॉक आहे, हॉटकी लावता येते. सोडल्यावर किती मिलिसेकंदांनी बंद व्हावं तेही देता येतं. यूएसबी पायपेडल घेतलं की झालं, खर्च एवढासाच.

---

तारजोड_निपाणी

टिळकवाडी, ते लाइव्हसाठी ठीक आहे. पण ओबीएस फक्त लॅपटॉपमध्ये आलेला आवाज थांबवतं. मिक्सरमधून भोंग्याकडं जाणारा आवाज तिथवर येतच नाही, हलगी गावभर जायची ती जाणारच. शिवाय फिरणाऱ्या निवेदकापासून लॅपटॉप वीस मीटर लांब. घरी बसून एकट्यानं बोलणाऱ्याला मात्र तुमचा उपाय उत्तम, त्याला डबी बनवायची गरजच नाही.

---

खानापूर_साउंड

अण्णा, रीडची कल्पना पटली, रीड मागवलेत. आता टेबलावरच्या कन्नड निवेदकांचं. घरी कीबोर्डचं सस्टेन पेडल पडून आहे, दाबताना अजिबात वाजत नाही. ते थेट पिन २ आणि ३ ला लावलं तर? पेडलची वायर दोनेक मीटर आहे. दुसरं म्हणजे माइक चालू आहे हे निवेदकांना कळायला एलईडी हवा. फँटममधूनच एलईडी पेटवता येईल का?

---

तारजोड_निपाणी

फँटममधून एलईडी नको. एका पिनेतून करंट काढला की २ आणि ३ चं व्होल्टेज बिनसतं, आणि इतका वेळ जपलेली शांतता तिथंच संपते.

सस्टेन पेडल ही चीज चांगली. पण ते पिनांना थेट जोडण्यात तीन खोडी आहेत. पेडलची पिन मोनो ६.३५ मिलिमीटरची, ज्याला आपण पी-३८ म्हणतो. तिचं सॉकेट धातूचं असलं आणि डबीत घट्ट बसवलं तर बाहेरचा भाग डबीला लागतो, डबी पिन १ ला लागलेली, म्हणजे पिन ३ सरळ जमिनीवर. फँटम एका पायावर. सॉकेट प्लॅस्टिकचंच घ्यावं लागेल. दुसरी खोडी अशी की पेडलच्या वायरची जाळी आता पिन ३ वर लोंबकळते. जाळीचं काम तिला करता येत नाही, उलट निवेदक बोलत असताना तीच गुणगुण पकडते. आणि पेडलमधली टोकंही अण्णांनी सांगितलेल्या काजळीच्या जातीचीच.

म्हणून पेडलला आवाजाच्या तारेपासून दूर ठेवा, त्याच्याकडून फक्त हुकूम घ्या. मध्ये फोटोमॉस रिले घाला. सहा पायांची चिप असते. आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला मॉसफेटचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा) स्विच, दोघांत फक्त उजेडाचा संबंध. कुठलाही भाग हलत नाही, म्हणून आवाज नाही. घेताना दोन गोष्टी बघा: व्होल्टेज ६० किंवा जास्त, आणि जोडलेल्या अवस्थेतला रोध १ ओमच्या आत. नॉर्मली ओपन जातीचीच घ्या. नॉर्मली क्लोज्ड जातही मिळते, कागदावर तीच सोयीची दिसते, पण त्या जातीत रोध बहुधा १५–२५ ओम असतो. मग बंद होऊन होऊन फक्त वीसेक डेसिबल.

तिचा स्विच पिन २ आणि ३ मध्ये. तिच्या एलईडीला दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, पेडलमधून. पेडल नॉर्मली क्लोज्ड हवं: पाय नसताना एलईडी पेटलेला, माइक मुका, पाय दिला की एलईडी विझला, माइक बोलका. तुमचं पेडल कुठल्या जातीचं ते मीटरनं बघा. कंपनीनुसार वेगळं असतं, आणि काही पेडलांच्या पोटाला उलटसुलट करायचा सरकता स्विच असतो.

रेझिस्टर ३३० ओमचा एकच न घेता १५० आणि १८० असे दोन ओळीत घ्या. दोघांच्या मधल्या सांध्यावरून सेलच्या ऋण टोकाला ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. सेलकडून येणारा आधी १५०, चिपकडं जाणारा १८०. पेडलची टोकं खरखरली तरी कपॅसिटर ते झेलतो, आणि चालू-बंद धारदार न होता काही मिलिसेकंद पसरतं. शब्दाच्या मध्येच पाय काढला तरी लाटेचा काप टोचत नाही.

करंट साधारण साडेपाच मिलिॲम्पिअर. चांगल्या अल्कलाइन सेलवर तीनशे तासांच्या वर निघतात. सेल संपले तर माइक कायमचा चालू राहतो, बंद पडत नाही. मैदानावर मला हेच योग्य वाटतं. ऐन शेवटच्या कुस्तीला निवेदकाचा आवाजच गेला तर काय करणार?

इथं एलडीआर (उजेडात रोध उतरणारा रेझिस्टर) लावून घरगुती ऑप्टोकपलर (उजेडानं चालणारा स्विच) करायचा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. उजेडात एलडीआर उतरून उतरून शे-दोनशे ओमवर येतो. २०० ओमच्या माइकला तो आडवा घालून सहा ते दहा डेसिबल मिळतील. लाइन लेव्हलला (माइकपेक्षा बऱ्याच मोठ्या सिग्नलला) ठीक, माइकला नाही.

एलईडीचं म्हणाल तर रीडच्या डबीत मागच्या टोकाच्या वरच्या अंगाला दुसरा रीड बसवा, तरफ उचलली की त्याच्याजवळ चुंबक येईल असा. त्याला सीआर२०३२ सेल, ४७० ओम आणि लाल एलईडी. जेमतेम २ मिलिॲम्पिअर लागतात. या सर्किटची एकही तार एक्सएलआरच्या कुठल्याही पिनेला लावायची नाही. पेडलवाल्यांना एलईडीची गरज नाही, पाय खाली आहे हे पायाला कळतंच.

---

चिकोडीचा_भोंगा

निपाणीकरांनी कंडेन्सरचं एक सांगायचं ठेवलं. पिन २ आणि ३ चं व्होल्टेज सारखं असतं हे डायनॅमिक माइकला आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या माइकला पक्कं लागू. स्वस्त कंडेन्सरमध्ये दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळे ओढतात, काही तर एकाच पिनेतून जास्त करंट घेतात. तिथं २ आणि ३ मध्ये काही मिलिव्होल्ट, कधी व्होल्टसुद्धा फरक असतो. तोही शॉर्ट करताना टक् म्हणून वाजतो.

माइक लावून, फँटम चालू करून, मिनिटभर थांबा आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून पिन २ व ३ मध्ये मोजा. माइकचा स्वतःचा आवाजच एक-दोन मिलिव्होल्टचा, त्यापुढं १० मिलिव्होल्टची उडी म्हणजे मोठीच की. ५ च्या वर दिसलं तर स्विचच्या ओळीत कपॅसिटर घालाच.

४७० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक घ्या. त्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडा. असा मिळून २३५ मायक्रोफॅरडचा, कुठल्याही बाजूनं चालणारा कपॅसिटर होतो. तो स्विचच्या ओळीत, आणि स्विचच्या अंगावर समांतर २२ किलोओम. या २२ किलोओमला विसरू नका. स्विच सुटलेला असतानाही कपॅसिटर त्यातून भरलेला राहतो, म्हणून टेकताना नव्यानं भरत नाही आणि टक् येत नाही. फँटम चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस सेकंद मात्र भरू द्या, मग फेडर उघडा.

कपॅसिटरनं खालचे सूर थोडे कमी थांबतात: १ किलोहर्ट्झला पन्नास डेसिबलच्या आसपास, १०० हर्ट्झला तीसच. त्या चॅनेलचा लो-कट (खालचे सूर कापणारं मिक्सरवरचं बटण) दाबून ठेवा, तेवढ्यानं भागतं. हलगीचा चढा टणत्कार वरच्या सुरातला असतो, तो चांगला थांबतो.

---

मेळ_आणि_भाता

फोमबद्दल एक सुचवणं. साधा स्पंज उन्हात एका हंगामात पिठासारखा भुरभुरतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली घालतात ते लोकरी फेल्ट वापरा. वाद्य दुरुस्त करणाऱ्यांकडं कापून मिळतं, मिरजेला तर हमखास. ३ मिलिमीटरचं फेल्ट तरफ जिथं जिथं टेकते तिथं, दोन्ही टोकांना, लावा. परत आणायचं काम फेल्टचं नाही, ते दाबून बसतं. त्यासाठी बंद पेशींचा ईव्हीए फोम घ्या, चपलेच्या तळव्याचा असतो तसा, पण मऊ प्रतीचा.

फेल्टला फेव्हिकॉल फार पाजू नका. वाळल्यावर ते लाकडासारखं कडक होतं आणि वाजतं. कडेला चार थेंब पुरे.

---

सौंदलगा_शाळा

विषय थोडा वेगळा, पण जवळचा. शाळेच्या ऑनलाइन कार्यक्रमाला मोबाईलला लावायचा ३.५ चा कॉलर माइक वापरतो. त्यालाही असंच बटण हवंय. दोन तारा शॉर्ट केल्या तर मोबाईल भलतंच करतो, मध्येच गाणं सुरू होतं.

---

तारजोड_निपाणी

सर, मोबाईलचं बरोबर आहे. हेडसेटवरचं फोन उचलायचं बटण म्हणजे माइकची तार जमिनीला शॉर्ट करणं, एवढंच असतं. तुम्ही शॉर्ट केलं की फोनला वाटतं बटण दाबलं.

त्या तारेवर फोननं माइकसाठी दोनेक व्होल्ट दिलेले असतात. ते हलवायचे नाहीत, फक्त आवाज जमिनीत घालवायचा. माइकच्या तारेपासून १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर, धन टोक माइककडं. त्याच्या ऋण टोकापासून स्विच जमिनीला, आणि स्विचला समांतर २२ किलोओम. फोनला डीसीमध्ये फरक दिसत नाही, म्हणून गाणंही लागत नाही आणि टक्ही येत नाही. बोलण्याच्या सुरांत साठेक डेसिबल थांबतं. २२ किलोओममुळं बोलताना आवाज जेमतेम एक डेसिबल कमी होतो, तो कळतही नाही. माइक खुपसल्यावर दहा सेकंद थांबून पहिल्यांदा बटण वापरा.

कॉलर माइक, स्विच आणि फोन यांच्यामधली वायर मात्र आवरणाचीच, आणि आखूड. इथं तारा बॅलन्स्ड (एक्सएलआरसारख्या, आवाजासाठी दोन तारांची जोडी असलेल्या) नसतात, त्यामुळं उघड्या वायरीत ट्यूबलाइटसुद्धा ऐकू येते.

---

खानापूर_साउंड

कंडेन्सरवर मोजलं. फँटम चालू असताना पिन २ आणि ३ मध्ये ३८ मिलिव्होल्ट. म्हणजे कपॅसिटर लागणारच. फोटोमॉसला तो कुठल्या बाजूला?

आणि फिरणाऱ्या निवेदकांचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे, मिक्सर बिघडला तर ऐनवेळी वापरतो. त्याचं माइक इनपुट पी-३८. तिथं ही डबी चालेल का?

---

तारजोड_निपाणी

फोटोमॉसच्या मॉसफेट बाजूला, त्याच्याच ओळीत. पिन २ पासून दुहेरी कपॅसिटर, मग चिपचा स्विच, मग पिन ३. २२ किलोओम चिपच्या स्विचवर समांतर. चिपचा मॉसफेट दोन्ही दिशांना चालणारा असतो, धन-ऋण बघायला नको. फक्त डेटाशीटमध्ये एसी-डीसी जोडणीचे पाय कुठले ते बघून तेच वापरा. काही चिपांत डीसीसाठी तिसरा पाय वेगळा असतो, तो मोकळा ठेवा.

पी-३८ वर डबी चालते. एक्सएलआर ते मोनो केबलमध्ये पिन ३ आणि १ पिनच्या बाहेरच्या भागाला एकत्र जोडलेल्या असतात. २ आणि ३ शॉर्ट केलं की टोक बाहेरच्या भागाला शॉर्ट होतं, माइक मुका. फक्त ही केबल फँटमवर लावू नका, कारण तिनं पिन ३ आपोआप जमिनीला जाते.

---

चिकोडीचा_भोंगा

डबी बंद करायच्या आधी मीटरनं एवढं बघा, या क्रमानं. सॉकेटात केबल न लावता पिन १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप. मग तरफ सोडलेली असताना २ ते ३ बीप, दाबल्यावर बंद. मग २ ते १ आणि ३ ते १, तरफ दोन्ही स्थितींत, कुठंही बीप येता कामा नये. हा शेवटचा तपास फँटम लावायच्या आधीच झाला पाहिजे. ३ ते १ बीप येत असेल तर नव्वद टक्के वेळा सोल्डरचा डाग डबीला टेकलेला असतो. कपॅसिटर घातलेल्या डबीत २ ते ३ चा बीप येणार नाही, तिथं स्विचच्या दोन टोकांवरच मोजा.

मग मिक्सरला लावून गेन मैदानात ठेवता तेवढाच ठेवा, हेडफोन घाला, आणि समोर कुणाला तरी हलगी वाजवायला सांगून तरफ दहावीस वेळा हळू आणि झटकन, दोन्ही तऱ्हांनी दाबून बघा. गप्प खोलीत तपासलं तर टिक् जास्त वाटते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. हळू दाबताना खरखर आली तर चुंबकाचं अंतर काठावर आहे, एक मिलिमीटर आत सरकवा. झटकन सोडताना धप् आला तर मागच्या टोकाखालचं फेल्ट पातळ आहे.

निवेदकांना एकच सांगा: दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. नाहीतर “लाल लांगेचा पैलवान” मधला पहिला ‘ला’ गायब होतो.

---

खानापूर_साउंड

क्रम लिहून घेतला. दोन रीडच्या डबीला तरफेच्या वर एलईडीवाला रीड बसवायला ॲल्युमिनियमचीच कमान करायची ना? पितळी पट्टी पडून आहे.

---

चिकोडीचा_भोंगा

पितळ चालतं, त्याला चुंबक ओढत नाही. फक्त कमानीची उंची अशी ठेवा की तरफ पूर्ण दाबली तरी चुंबक वरच्या रीडपासून २ मिलिमीटर राहील, म्हणजे आपटणार नाही. आणि दोन्ही रीड एकाच वेळी टेकलेले राहत नाहीत ना, हे बीपवर बघा. राहत असतील तर एलईडी पेटलेला दिसतो पण माइक मुका असतो, आणि निवेदक भोंग्याकडं बघून हातवारे करत बसतात.